ब्रॉलीची दुसरी जन्मकथा

बीड जिल्ह्यातील सिरसाळा हे परळी तालुक्यातील गाव. या परिसरात वाढणाऱ्या मुलाला रावण दोनदा भेटतो. पहिल्यांदा रामकथेत, सीतेला पळवून नेणारा दशमुखी राक्षस म्हणून. आणि दुसऱ्यांदा वैद्यनाथाच्या आख्यायिकेत, एकामागून एक मस्तके कापून शंकराला अर्पण करणारा भक्त म्हणून. दहावे मस्तक कापले जाण्यापूर्वी शिव प्रकट होतो आणि वैद्याप्रमाणे रावणाची कापलेली शिरे पुन्हा जोडून देतो. म्हणून तो वैद्यनाथ. हे ज्योतिर्लिंग परळीचे की झारखंडमधील देवघरचे, हा वाद जुनाच आहे; परंतु दोन्हीकडे कथेत रावण येतो आणि तो खलनायक म्हणून येत नाही. एकाच पात्राच्या या दोन ओळखी आपल्या समाजाने शतकानुशतके शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यांतली एक खोटी ठरवावी, असे कोणाला वाटले नाही.

जपानी अ‍ॅनिमेच्या जगात मात्र अशी सोय नाही. तिथे चाहते तपशिलाचे पक्के हिशेबी. एखादे पात्र कधी जन्मले, कोणत्या भागात काय बोलले, याच्या नोंदी ठेवणारे. अशा जगात पंचवीस वर्षे जुन्या आणि अतोनात लोकप्रिय खलनायकाची जन्मकथा पुसून नव्याने लिहिण्याचे धाडस २०१८ साली ‘ड्रॅगन बॉल सुपर : ब्रॉली’ या चित्रपटाने केले. ते कसे साधले आणि त्यासाठी कथेत नेमके काय हलवावे लागले, हे पाहण्यासारखे आहे.

‘ड्रॅगन बॉल’ ही मूळची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथामालिका. अकिरा तोरियामा यांनी ती १९८४ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू केली आणि १९९५ मध्ये संपवली. पुस्तकरूपात तिचे ४२ खंड झाले. सुरुवातीची प्रेरणा चिनी अभिजात कादंबरी ‘पश्चिमेची यात्रा’ हिची होती. त्यातील वानरराज सुन वुकाँग याच्या नावाचा जपानी उच्चार ‘सोन गोकू’, तेच या मालिकेच्या नायकाचे नाव. ढगावर स्वार होणारा, हाती लांबणारी काठी असलेला, शेपटीचा हा मुलगा पाहून मराठी वाचकाला मारुतीची आठवण झाली तर नवल नाही; सुन वुकाँग आणि हनुमान यांच्यातील नात्याचा प्रश्न अभ्यासकांनीही चर्चिला आहे. १९८६ पासून तोएई अ‍ॅनिमेशन या कंपनीने त्यावर दूरचित्रवाणी मालिका काढल्या. त्यांतील ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही २९१ भागांची मालिका सन २००० नंतरच्या दशकात ‘कार्टून नेटवर्क’च्या कृपेने आपल्याकडेही पोहोचली. शाळेतून परतल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी ती पिढी आज तिशी-पस्तिशीत आहे, आणि ‘केस सोनेरी होणे’ म्हणजे काय हे तिला समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना ते सांगावे लागते त्यांच्यासाठी थोडे विषयांतर. गोकू हा मूळचा पृथ्वीवरचा नव्हे. तो ‘सायान’ या लढवय्या जमातीचा. त्याचे जन्मनाव काकारॉट. त्याचा ग्रह फ्रीझा नावाच्या अंतराळातील जुलमी सत्ताधीशाने नष्ट केला. तान्हा काकारॉट त्यापूर्वीच यानातून पृथ्वीवर धाडला गेल्याने वाचला. संतापाच्या एका टोकाला पोहोचल्यावर सायानाचे केस सोनेरी होतात आणि सामर्थ्य अनेक पटींनी वाढते; तोच ‘सुपर सायान’. वाचलेल्या मोजक्या सायानांत राजपुत्र व्हेजिटा हाही एक, आधी गोकूचा वैरी आणि पुढे कायमचा प्रतिस्पर्धी. या साऱ्या नावांमागे तोरियामांचा एक मिस्कील खेळ आहे. जपानीत भाजीला ‘यासाई’ म्हणतात. त्याचीच अक्षरे फिरवून ‘सायान’. काकारॉट म्हणजे गाजर, व्हेजिटा म्हणजे खुद्द ‘व्हेजिटेबल’, पॅरागस म्हणजे अ‍ॅस्परॅगस आणि ब्रॉली म्हणजे ब्रोकोली. त्यांचा संहारक फ्रीझा हा अर्थातच फ्रीझर. गोकूच्या मुलाचे नाव गोहान, म्हणजे शिजवलेला भात. विश्वाचा विनाश करायला निघालेल्या या मंडळींची नावे भाजीमंडईतून आली आहेत, हे एकदा कळले की मालिकेच्या रौद्रतेखालचा विनोद दिसू लागतो.

ब्रॉली पहिल्यांदा अवतरला तो मार्च १९९३ मध्ये. त्या काळी शाळांच्या सुट्ट्या साधून, वसंतात आणि उन्हाळ्यात, तोएई मुलांसाठी चित्रपट आणत असे. ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रपट याच सुट्टीतील बाजारासाठी बनत. त्यांच्या कथा मूळ मांगाच्या कालक्रमात कुठेच नीट बसत नसत, आणि कोणी ते मनावरही घेत नसे. पटकथा ताकाओ कोयामा यांची, दिग्दर्शन शिगेयासू यामाउची यांचे. तोरियामांनी पात्राचे रेखाटन करून दिले होते. चित्रपटातला ब्रॉली म्हणजे उघड्या अंगाचा, सोन्याची कडी ल्यालेला, डोळ्यांत बुबुळे नसलेला डोंगराएवढा राक्षस. त्याच्या सामर्थ्याला मर्यादा नव्हती. गोकू, व्हेजिटा, गोहान, पिकोलो हे सगळे मिळून त्याला मारत होते आणि त्याच्यावर ओरखडाही उठत नव्हता.

पण हा ब्रॉली इतका क्रुद्ध का? त्या चित्रपटाचे उत्तर असे : जन्मतःच त्याची शक्ती दहा हजार भरली. धास्तावलेल्या राजा व्हेजिटाने त्या तान्ह्याला सुरा भोसकून टाकून द्यायला लावले. तो आणि त्याचा बाप पॅरागस कसेबसे वाचले. इथवर सूडाला पुरेसे कारण होते. परंतु चित्रपटाने ते बाजूला ठेवून दुसरेच पुढे केले. ब्रॉली आणि काकारॉट एकाच दिवशी जन्मले. शेजारच्या पाळण्यातला काकारॉट सारखा रडत असे आणि त्या रडण्याने ब्रॉलीची झोपमोड होत असे. तो राग त्याच्या मनात आयुष्यभर राहिला! म्हणून चित्रपटाच्या उत्तरार्धात त्याच्या तोंडी ‘काकारॉट’ या आरोळीखेरीज जवळजवळ काही उरत नाही. सोपा शत्रू हवा असलेल्या सुट्टीतील चित्रपटाला एवढे पुरे वाटले असावे. चाहत्यांनी या पाळण्यातील वैराची पुढे दोन दशके मनसोक्त थट्टा केली, आणि तरीही ब्रॉलीवर ते लुब्ध राहिले. १९९४ मध्ये त्याला आणखी दोन चित्रपटांत आणले गेले. पहिल्यात गोकूच्या धाकट्या मुलाच्या रडण्याने तो जागा होतो, म्हणजे त्याच विनोदाची पुनरावृत्ती. दुसऱ्यात तर त्याची प्रयोगशाळेत बनवलेली, चिखलाने लडबडलेली नक्कल येते. खलनायकाचे अवमूल्यन इतक्या झपाट्याने क्वचितच झाले असेल.

इथे एका तांत्रिक बाबीचा उलगडा करायला हवा. या चाहत्यांच्या जगात ‘अधिकृत कथा’ नावाची एक सीमारेषा असते. मूळ लेखकाने लिहिलेले ते रेषेच्या आत, इतरांनी भर घातलेले ते बाहेर. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती नेमके हेच करते. देशभरातील हस्तलिखिते ताडून मूळ संहिता वर आणि क्षेपके तळटीपांत व परिशिष्टांत. त्या आवृत्तीत कर्णाच्या आयुष्यातील एक प्रसिद्ध प्रसंग मूळ संहितेबाहेर गेला : स्वयंवरात ‘सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य. आता गंमत अशी, की लोकमानसातील कर्णाच्या दुखावलेपणाचा मोठा भाग या एका अपमानावर उभा आहे. विद्वानांनी क्षेपक ठरवले म्हणून लोकांनी ते सोडले नाही. कीर्तनात, नाटकात आणि दूरदर्शनवर ते वाक्य येतच राहिले.

ब्रॉलीची अवस्था अशीच होती. तो सर्वार्थाने क्षेपक होता. परंतु खेळण्यांत, व्हिडिओ गेममध्ये आणि चाहत्यांच्या चित्रांत त्याचे स्थान मूळ संहितेतील कित्येक पात्रांहून वरचे होते. फरक इतकाच, की इथे संहितेचा कर्ता हयात होता आणि त्याच्या हाती पुन्हा लेखणी आली होती. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ ही नवी मालिका २०१५ ते २०१८ या काळात १३१ भाग चालली. तिच्या शेवटच्या पर्वात दुसऱ्या विश्वातली केल नावाची एक लाजरीबुजरी सायान मुलगी संतापात ब्रॉलीचे रूप धारण करते. ती जणू रंगीत तालीम होती. त्यानंतरच्या चित्रपटासाठी ब्रॉलीला घ्यावे, असे तोरियामांना संपादकाने सुचवले. या पात्राचे रेखाटन आपण केले होते, पण बाकी फारसे आठवत नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले होते. हे विस्मरणच कदाचित उपकारक ठरले. जुन्या चित्रपटाचे ओझे ज्याच्या मनावर नाही, त्यालाच ती कथा पाया उखडून नव्याने रचता येते.

१४ डिसेंबर २०१८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट या मालेतील विसावा. पटकथा तोरियामांची, दिग्दर्शन तात्सुया नागामिने यांचे. जगभरात त्याने अकरा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. पण त्याच्या पूर्वार्धात मारामारी अगदीच थोडी आहे, ही त्याहून लक्षणीय गोष्ट.

कथा ४१ वर्षे मागे जाते. फ्रीझाचा बाप निवृत्त होऊन सैन्याची सूत्रे मुलाच्या हाती देतो. राजा व्हेजिटा मान खाली घालून ते स्वीकारतो आणि आपला मुलगा एक दिवस विश्वावर राज्य करील, या स्वप्नावर दिवस काढतो. अशा वेळी त्याला दिसते, की राजपुत्रासाठी राखलेल्या दालनात दुसऱ्याच एका तान्ह्याला आणून ठेवले आहे आणि त्याची शक्ती राजपुत्रापेक्षा जास्त आहे. हा मुलगा पुढे आवरणार नाही, असे कारण सांगून राजा त्याला व्हाम्पा नावाच्या ओसाड ग्रहावर धाडतो. खरे कारण राजाच्या चेहऱ्यावर वाचता येते. शेजारच्या घरचा मुलगा आपल्या मुलापेक्षा हुशार निघाला, हे सहन न होणारा बाप कोणत्याही गावात, कोणत्याही सोसायटीत सापडतो. या बापाकडे फक्त राजसत्ता होती.

पॅरागस यान चोरून मुलाच्या मागे निघतो. हा पित्याच्या प्रेमाचा क्षण आहे आणि चित्रपट तो खोटा ठरवत नाही. व्हाम्पावर उतरताना यान मोडते. पॅरागससोबत बीट्स नावाचा एक सहकारी अडकलेला असतो. अन्न दोघांच्या ऐवजी तिघांना पुरवावे लागेल, हा हिशेब करून पॅरागस त्याला गोळी घालतो. मुलगा जिवंत सापडल्याबरोबर त्याच्या मनात राजा व्हेजिटावरील सूडाचा बेत आकार घेतो. प्रेमाने सुरू झालेला प्रवास सूडाच्या मुक्कामी पोहोचायला चित्रपटात पाच मिनिटेही लागत नाहीत. ब्रॉली हा मुलगा होता. आता तो हत्यार झाला. मोठा झाल्यावर त्याच्या गळ्यात एक पट्टा येतो आणि बापाच्या हातात त्याचा रिमोट. मुलगा आवरेनासा झाला, की विजेचा झटका.

ब्रॉलीच्या कमरेला हिरव्या लोकरीचे एक वस्त्र आहे. त्याची हकिकत तो फ्रीझाच्या सैन्यातील चीलाय आणि लेमो या दोन हलक्या दर्जाच्या शिपायांना सांगतो. व्हाम्पावर एक अजस्र हिंस्र श्वापद होते. ते रोज ब्रॉलीवर धावून येई, ब्रॉली रोज चुकवी. असे करता करता दोघांची गट्टी जमली. त्याच्या आवाजावरून ब्रॉलीने त्याला ‘बा’ असे नाव दिले. या मैत्रीने मुलगा मऊ पडेल म्हणून पॅरागसने श्वापदाचा कान उडवला. त्यानंतर ‘बा’ पुन्हा कधी खेळला नाही. तो तुटलेला कान ब्रॉली अंगावर वागवतो. १९९३ च्या ब्रॉलीच्या अंगावर सोन्याचे दागिने होते. या ब्रॉलीच्या अंगावर त्याच्या एकुलत्या एक मित्राची आठवण आहे. वेशभूषेतील एवढ्या एका बदलात पात्राचे संपूर्ण पुनर्लेखन आले. ‘बा’ हा शब्द मराठी कानाला वेगळाच लागतो, हा केवळ योगायोग. पण ज्याचा बाप पॅरागस आहे त्या मुलाने श्वापदाला हाक मारण्यासाठी असा शब्द शोधावा, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला जरा अधिक बोचते.

जुन्या-नव्या कथांची तुलना पाळण्यापासून करावी. नव्या कथेत ब्रॉली काकारॉटपेक्षा वयाने मोठा आहे. दोघे शेजारच्या पाळण्यांत असण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या कारणाची वीस वर्षे थट्टा झाली, ते तोरियामांनी सुधारण्याचा किंवा त्याचे समर्थन करण्याचा प्रयत्न केला नाही; जन्मतारीख बदलून ते अशक्यच करून टाकले. दुसरा बदल बापाच्या मृत्यूचा. १९९३ मध्ये पळून जाणाऱ्या पॅरागसचे यान ब्रॉली स्वतः चिरडतो आणि धूमकेतूवर भिरकावून देतो. २०१८ मध्ये पॅरागसला मारतो फ्रीझा. पूर्वी जिवलग मित्र मेल्यावर गोकू सुपर सायान झाला होता, हे फ्रीझाला आठवते. ब्रॉलीही तसाच भडकेल अशा हिशेबाने तो पॅरागसच्या छातीत किरण घालतो आणि लढाईच्या धुमश्चक्रीत तुझ्या बापाला काहीतरी लागले, असे खोटेच ओरडून सांगतो. ज्या बापाने आयुष्यभर विजेचे झटके दिले, त्याच्या प्रेताजवळ ब्रॉली हंबरडा फोडतो आणि त्याच आकांतात त्याचे केस सोनेरी होतात. पहिल्या चित्रपटात बापाला मारणे हे त्याच्या दुष्टपणाचे शिखर होते. दुसऱ्यात बापासाठी रडणे हे त्याच्या विनाशाचे कारण होते. घटना तीच, बाप मेला हीच. पण ती कोणाच्या हातून घडते यावर पात्राची सगळी नीती पालटली.

मात्र ब्रॉली सौम्य झाला म्हणजे दुबळा झाला, असे या चित्रपटाने होऊ दिले नाही. खलनायकाला माणसात आणणाऱ्या कथांचा हा नेहमीचा धोका. सहानुभूतीच्या नादात त्याची जरब जाते आणि मग त्याच्याशी लढण्यात राम उरत नाही. इथे उत्तरार्ध जवळजवळ सलग एकाच लढाईचा आहे आणि ती हिमखंडावर सुरू होऊन अवकाशाची चौकट फोडून जाते. ब्रॉलीने याआधी खरा प्रतिस्पर्धी कधी पाहिलेलाच नाही. व्हेजिटाचा प्रत्येक फटका तो शिकतो आणि पुढच्या क्षणी परत करतो. लढता लढता गोकूला जाणवते, की हा मुळात दुष्ट नाही, आणि तो त्याला तसे सांगूनही पाहतो. पण समोरचा ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो. शेवटी गोकू आणि व्हेजिटा यांना एका हास्यास्पद नृत्याने एकमेकांत विलीन होऊन ‘गोगेटा’ बनावे लागते. पहिल्या दोन प्रयत्नांत एकदा गलेलठ्ठ आणि एकदा काडीपैलवान असा गडी तयार होतो. तिसरा प्रयत्न जमेपर्यंतचा वेळ ब्रॉली ज्याला बडवत काढतो, तो दुसरा कोणी नसून फ्रीझा. ज्याने आग लावली त्यालाच तिच्यात भाजताना पाहणे, हा प्रेक्षकांच्या टाळ्यांचा हक्काचा क्षण.

या लढाईचे दृश्यरूप वेगळे दिसते त्यालाही कारण आहे. पात्ररेखाटनाचे काम नाओहिरो शिनतानी यांच्याकडे निवडचाचणीतून आले. त्याआधीच्या कित्येक वर्षांत ‘ड्रॅगन बॉल’चे चेहरे टोकदार, चकचकीत आणि रेषांनी लदलेले झाले होते. हातांनी रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक रेषा महाग असते. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस चौकटी. प्रत्येक चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवले तरी सेकंदाला आठ ते बारा चित्रे लागतात. चेहऱ्यावर एक सुरकुती जास्त असेल तर ती तितक्या वेळा काढावी लागते, आणि मग चित्रकार पात्राला हलवणेच टाळतो. शिनतानींनी रेषा कमी केल्या, बाह्यरेषा मऊ केल्या, तोरियामांच्या मूळ शैलीच्या जवळ नेले. त्यामुळे देह मोकळेपणाने वळू लागले, आणि ब्रॉलीच्या चेहऱ्यावर संतापाखेरीज भीती, गोंधळ आणि लाज उमटायला जागा झाली. गोगेटाच्या लढतीत संगणकीय चित्रांचा आधार आहे आणि तो काही ठिकाणी खटकतो, हेही नमूद करायला हवे.

आवाजाबाबत मात्र परंपरा पाळली गेली. १९८६ पासून गोकूला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा या चित्रपटाच्या वेळी ८२ वर्षांच्या होत्या. गोकूचा बाप बार्डॉक यालाही आवाज त्यांचाच. ब्रॉलीला १९९३ मध्ये आवाज देणारे बिन शिमादा २०१८ मध्येही तेच. त्यामुळे जुन्या ब्रॉलीवर प्रेम करणाऱ्यांना आपला माणूस हिरावल्यासारखे वाटले नाही. नवा ब्रॉली अडखळत, शब्द शोधत बोलतो. आयुष्यात बापाखेरीज कोणाशी बोललाच नाही, असा मुलगा जसा बोलेल तसा.

आता ज्या एका गोष्टीसाठी या चित्रपटाकडे जरा अविश्वासाने पाहायला हवे, ती. ब्रॉलीचे खलत्व नाहीसे झाले, असे म्हणणे खरे नाही. ते दुसऱ्यांच्या खात्यावर जमा झाले. काही राजा व्हेजिटाकडे गेले, बरेचसे पॅरागसकडे आणि उरलेले फ्रीझाकडे. फ्रीझा या कथेत इतका निखळ दुष्ट राहतो, की ज्या ड्रॅगन बॉलमुळे कोणतीही इच्छा पूर्ण होते, ते मिळवून त्याला काय मागायचे आहे, तर आपली उंची पाच सेंटिमीटरने वाढावी! हा विनोद उत्तम आहे, पण तो करता येतो तो फ्रीझाला आतून पाहण्याची जबाबदारी लेखकाने घेतली नाही म्हणूनच. एका खलनायकाला माणूस करायचे, तर दुसऱ्या कोणाला तरी खलनायक म्हणून राहावे लागते, ही या प्रकारच्या कथांची जुनी तडजोड आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये मराठी वाचकांच्या मनात कर्णाची बाजू भक्कम उभी केली, तेव्हा पांडवांच्या आणि कृष्णाच्या बाजूला हिशेब द्यावा लागलाच. हॉलीवूडने ‘मॅलेफिसेंट’ (२०१४) आणि ‘जोकर’ (२०१९) मध्ये तोच मार्ग धरला. पहिल्यात दोष राजाच्या माथी गेला, दुसऱ्यात शहराच्या. ‘ब्रॉली’ त्यांच्याहून एका बाबतीत सरस आहे : दोष ज्याच्या माथी गेला तो पॅरागसही एका रंगाचा नाही. मुलासाठी सर्वस्व सोडून निघालेला आणि मुलाचेच सर्वस्व खाऊन टाकलेला असा तो बाप आहे. यान चोरण्याचे धैर्य आणि पट्ट्याचा रिमोट हे एकाच हातातले. या चित्रपटाला मुलांचा म्हणून बाजूला ठेवणाऱ्या पालकांनी निदान पॅरागससाठी तो पाहावा. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या लढाया मुलाच्या खांद्यावर टाकणारा बाप इतक्या स्पष्टपणे चित्रपटांत फार वेळा दिसत नाही.

त्याच्या समोरासमोर चित्रपटाने आणखी एक जोडपे ठेवले आहे. बार्डॉक आणि गीने यांना संकटाची चाहूल लागते. तेही आपल्या मुलाला, काकारॉटला, परक्या ग्रहावर पाठवतात. हा भाग तोरियामांनी २०१४ मध्ये एका छोट्या मांगाकथेत आधीच लिहून ठेवला होता. लांबच्या पृथ्वीवर का, तर तिथले लोक दुर्बळ आहेत, मुलाला धोका होणार नाही. निरोपाच्या वेळी ते त्याच्याकडून सूडाचे वचन घेत नाहीत. जग, इतकेच सांगतात. तीन सायान मुले, तीन बाप. व्हेजिटाच्या बापाने सिंहासनाची भूल घातली, ब्रॉलीच्या बापाने सूडाची, काकारॉटच्या बापाने काहीच मागितले नाही. तिघांत पृथ्वीवर आनंदाने जगणारा कोण, हे प्रेक्षकाला ठाऊकच असते. म्हणून चित्रपट ते उच्चारत नाही.

ब्रॉलीला वाचवतात ते चीलाय आणि लेमो. मालिकेच्या मोजमापाने दोघांची शक्ती शून्यवत. चीलाय पॅरागसच्या खिशातून रिमोट लांबवते आणि जमिनीवर आपटून फोडते. लढाईच्या शेवटच्या क्षणी, गोगेटाचा अखेरचा वार सुटत असताना, हे दोघे ड्रॅगन बॉल वापरून एकच मागणे मागतात : ब्रॉलीला व्हाम्पावर परत ने. वार रिकाम्या आकाशातून निघून जातो. ज्या इच्छेवर फ्रीझाला उंची वाढवायची होती, ती दोन पळपुट्या शिपायांनी एका जेमतेम ओळखीच्या माणसासाठी खर्ची घातली. १९९३ मध्ये ब्रॉली हरला तो सर्वांनी आपली शक्ती गोकूला दिली म्हणून. इथे तो ना जिंकतो ना हरतो. त्याला लढाईतून उचलून नेले जाते. लढायांवर चालणाऱ्या मालिकेने शेवटचा फटका असा वाया घालवावा, हे या चित्रपटातील सर्वांत धीट पाऊल.

शेवटच्या प्रसंगात गोकू व्हाम्पावर येतो. सोबत खाण्यापिण्याचे सामान आणि बटण दाबताच उभे राहणारे घर. पुन्हा लढायला आवडेल, असे तो ब्रॉलीला सांगतो. ते या प्राण्याला शोभतेच. निघताना तो आपले नाव सांगतो, सोन गोकू. आणि जोडीला, तू मला काकारॉट म्हण. या नावाने हाक मारणे त्याला एरवी फारसे रुचत नाही. व्हेजिटा ते हट्टाने वापरतो, एवढेच. १९९३ मध्ये जो शब्द ब्रॉलीच्या तोंडी केवळ द्वेषाची आरोळी होता, तो पंचवीस वर्षांनी स्वतः काकारॉटने त्याच्या हाती ओळख म्हणून दिला.

तोरियामा १ मार्च २०२४ रोजी निवर्तले. ब्रॉलीची कथा त्यांनी त्याआधी आणखी एकदा हाती घेतली होती, २०२२ मधील ‘ड्रॅगन बॉल सुपर : सुपर हीरो’ या चित्रपटात. मुख्य कथानक दुसरेच. ब्रॉली त्यात थोडा वेळ दिसतो. विनाशदेव बीरस याच्या ग्रहावर तो गोकू आणि व्हेजिटा यांच्याबरोबर राहतो आहे, चीलाय आणि लेमोही तिथेच आहेत. शिकण्याचा विषय एकच : राग आला तरी भान कसे ठेवावे. त्याच्या गळ्यात आता पट्टा नाही.